काउंटरच्या अलीकडे

माझ्या औषधाच्या दुकानात एक वही आहे, तिला दुकानातल्या पोराने हात लावलेला मला चालत नाही. मार्च २०१४ पासून ती कायद्यानेच ठेवावी लागते. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर. क्षयाची औषधं, काही जबर अँटिबायोटिकं तिच्यात येतातच, पण अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या नि घबराटीच्या गोळ्याही येतात. गोळी दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि वही तीन वर्षं सांभाळायची. हेतू चांगला आहे. या गोळ्यांची सवय लागते आणि त्या वाटेल तशा विकल्या जात होत्या. पण त्यातून एक गोष्ट अशी झाली, जी कायदा करणाऱ्यांच्या मनातही नसेल. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या आमगावसारख्या गावात, जिथे स्टेशन, तहसील, बाजार आणि राइस मिल यांच्या दरम्यान सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे कोणाकोणाची झोप उडाली आहे याची यादी एका दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडली.

या गोळ्या मागण्याची एक रीत असते. माणूस आधी दुसरं काहीतरी मागतो, ॲसिडिटीचं, नाहीतर बाम. काउंटरवर दुसरं कोणी असेल तर रेंगाळतो. मग चौघडी केलेली चिठ्ठी पुढे सरकवतो आणि आवाज उतरवून म्हणतो, "भाऊ, ह्या पण देऊन द्या ना जी." रोवणीच्या दिवसांत पाऊस लांबला की चिठ्ठ्या वाढतात. धानाचे पैसे अडकले की वाढतात. बारावीच्या निकालाच्या आसपास आया येतात, स्वतःसाठी. काही जण तर गोंदियाला जाऊन घेतात आणि माझ्याकडे फक्त खोकल्याचं औषध. त्यांच्या हातात तिथल्या दुकानाची पिशवी दिसते, आणि मला ती दिसली हे त्यांनाही दिसतं.

मी हे कधी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. तो अभिमानच आज तपासायला घेतला आहे.

निमित्त मुलीचं. ती पुण्याला डिझाइनचं शिकते. तिच्या गटाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एक छोटा यंत्रमानव निवडला आहे: समोर ठेवायचा, तो श्वासाच्या लयीत हळूहळू फुगतो नि बसतो, थोडंबहुत बोलतो, आपलं ऐकतो, आणि माणसाला दहा-पंधरा मिनिटं शांत बसायला मदत करतो. तिने चित्रं पाठवली आणि फोनवर सरळ विचारलं, "बाबा, असं काही तुमच्या दुकानात ठेवाल का तुम्ही? गोळ्या मागायला येतात त्यांच्यासाठी?"

मी ताबडतोब नाही म्हणालो. कारणंही तयार होती. यंत्राला मन नाही, ते दुसऱ्याच्या मनाचं काय करणार. ध्यान गुरूकडून घ्यायचं असतं. दुःख माणसाने माणसाला सांगावं. तिन्ही वाक्यं कोणत्याही सत्काराच्या भाषणात शोभली असती. ती बिचारी "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र मला खटकलं, की एवढ्या झटपट उत्तरं मी फक्त एक्सपायरी झालेला माल परत घ्या म्हणणाऱ्याला देतो, म्हणजे जिथे माझं नुकसान होणार असतं तिथे. इथे माझं काय नुकसान होणार होतं?

आधी, ज्याला नाही म्हणालो ते आहे तरी काय हे पाहू लागलो. जपानमध्ये ताकानोरी शिबाता या अभियंत्याने १९९३ पासून खपून 'पारो' नावाचं सीलचं पिल्लू तयार केलं. अंगभर पांढरी लव असलेलं, मांडीवर घेण्याजोगं, हात फिरवला की डोळे मिटणारं. विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यांसाठी ते वृद्धाश्रमांत वापरतात, आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. सीलच का, याचं उत्तर मला फार आवडलं. आधी कुत्रा-मांजर करून पाहिलं होतं. पण खरी मांजर सगळ्यांनी पाहिलेली, म्हणून लोक खोट काढायचे. सील कोणाच्या घरात नसतो. (आमच्या गोंदिया जिल्ह्यात कोणी यांत्रिक सारस आणून ठेवला तर त्याच दिवशी दहा शेतकरी त्याची मान चुकली म्हणून सांगतील.) क्योटोच्या कोदाईजी मंदिरात २०१९ मध्ये 'मिंदार' नावाचा यंत्र-बोधिसत्त्व प्रवचन करू लागला. केंब्रिजच्या संशोधकांनी, २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, एका कंपनीतल्या २६ जणांसमोर चार आठवडे दोन यंत्रमानव बसवले. दोघांची वाक्यं सारखी, कामही तेच: आठवड्यातली एखादी चांगली गोष्ट आठवायला लावायची, कृतज्ञतेबद्दल बोलायचं. एक माणसासारखा दिसणारा, दुसरा खेळण्यासारखा. लोकांचं जमलं ते खेळण्याशी. माणसासारखा दिसणाऱ्याकडून त्यांनी माणसाची अपेक्षा केली आणि ते हिरमुसले.

हे वाचून माझं पहिलं कारण ढिलं झालं. लोक यंत्राला माणूस समजून फसतात म्हणावं तर ते तसं समजत नाहीत, आणि तरीही त्यांना बरं वाटतं. जोसेफ वायझेनबाउमची गोष्ट याआधीची, १९६६ ची. एमआयटीच्या या प्राध्यापकाने 'एलिझा' नावाचा प्रोग्राम लिहिला, तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस. त्याच्या सेक्रेटरीला यात काही जादू नाही हे पुरेपूर माहीत होतं, तिने तो बनताना पाहिला होता. तरी थोडं बोलून झाल्यावर तिने साहेबांनाच सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबाउम यामुळे हादरला आणि पुढे आयुष्यभर संगणकाला माणसाची जागा देण्याविरुद्ध लिहीत राहिला. त्याची बाजू मला पटते. पण मी त्या बाईच्या बाजूनेही विचार करून पाहतो. तिला खोलीत कोण नको होतं? यंत्र नव्हे, साहेब.

दुसरं कारण, गुरूचं. ते तर माझ्याच अनुभवाने खोटं ठरतं, आणि मी ते मुलीच्या तोंडावर कसं फेकलं याचं आश्चर्य वाटतं. नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचं केंद्र आहे, तिथे मी दहा दिवस बसलेलो आहे. सत्यनारायण गोयंकांनी शिकवलेली ही साधना. गोयंका मूळचे बर्मातले व्यापारी. डोकेदुखीच्या झटक्यांसाठी त्यांना मॉर्फिन द्यावं लागे आणि त्याच्या आहारी जाण्याच्या भीतीने ते १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले, ही कथा आम्हा औषधवाल्यांना तर पाठच पाहिजे. १९६९ मध्ये ते भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. मागणी इतकी वाढली की १९८० च्या दशकापासून त्यांचा आवाज टेपवरून ऐकवून सहायक आचार्य शिबिरं घेऊ लागले. गोयंका २०१३ मध्ये गेले. आजही शिबिरात सूचना त्यांच्याच आवाजात मिळतात. म्हणजे महाराष्ट्रात हजारो माणसं कित्येक वर्षं यंत्रातून आलेल्या आवाजावर ध्यान करतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पहाटे अंधारात स्पीकरमधून तो जड, ओढलेला आवाज आला की मी डोळे मिटत होतो. तो आवाज मला ओळखत नव्हता, माझं दुकान, माझी जात, माझी उधारी त्याला माहीत नव्हती, आणि त्यानेच मला निवांत वाटत होतं.

पण तिथे नुसता आवाज नव्हता हेही खरं. पुढे उंच आसनावर आचार्य गप्प बसलेले. स्वयंपाकघरात आधी शिबिर केलेली माणसं मोफत राबत होती. आणि सभागृहात माझ्या पुढच्या आसनावर एक जण होता, त्याची फक्त पाठ मला दिसायची. आर्य मौन असल्यामुळे बोलायचं नाही, नजरही द्यायची नाही. दुपारच्या बैठकीत गुडघे ठणकू लागले की मी डोळे किलकिले करून त्या पाठीकडे पाहायचो. ती हललेली नसायची आणि मीही बसून राहायचो. त्या अनोळखी पाठीने मला जितका आधार दिला तितका गावातल्या फार थोड्यांनी दिला असेल. दहाव्या दिवशी मौन सुटलं. मी त्याच्याकडे गेलो आणि माझ्या तोंडून पहिली वाक्यं निघाली ती ही: कुठले तुम्ही? आडनाव काय? करता काय? तोही हेच विचारत होता. पाच मिनिटांत आम्ही एकमेकांना नीट रकान्यांत भरून टाकलं. तो वरोऱ्याकडचा, खताचं दुकान, माझ्या मावसभावाच्या ओळखीतला निघाला. त्यानंतर ती पाठ मला कधी तशी आठवलीच नाही.

माणूस भेटला की मी त्याचं खातं उघडतो. यात लबाडी नाही, चार पिढ्या दुकानात बसलेल्यांची ही सवय आहे. पण या सवयीमुळे जे घडतं ते मला आता दिसू लागलं आहे. मी कोणाचं गुपित बाहेर सांगत नाही हे खरं. पण मला ते माहीत आहे, हे त्या माणसाला माहीत असतं, आणि तो मला लग्नात भेटतो, मंडईत भेटतो, पोराच्या शाळेत भेटतो. तिथे मी त्याच्याशी जरा जास्तच मायेने बोलतो. "काय मग, तब्येत बरी?" आणि त्याचा चेहरा आखडतो. माझी माया म्हणजे त्याला दिलेली आठवण असते, की वहीत तुझं नाव आहे. हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं असं म्हणणं सोयीचं होईल. कळत होतं. आपल्याकडे कोणाचं तरी काही आहे, या जाणिवेत एक सुख असतं, ते सोडवत नव्हतं.

राहिलं तिसरं कारण, दुःख माणसाने माणसाला सांगण्याचं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली आले. पडद्यावरची एक कृत्रिम बाई लोकांना त्यांच्या मनाविषयी प्रश्न विचारायची. काहींना सांगितलं, हिला मागून माणूस चालवतो आहे. काहींना सांगितलं, ही निव्वळ यंत्र आहे. यंत्र आहे असं समजणाऱ्यांनी दुःख अधिक मोकळेपणाने दाखवलं, आपली प्रतिमा सांभाळण्याची धडपड कमी केली. हे वाचलं तेव्हा मला तिथल्या प्रयोगशाळेपेक्षा माझं काउंटर दिसलं. आणि काउंटरच्या बाजूचं बाकडं.

हे बाकडं सांगितल्याशिवाय दुकान सांगितलं असं होणार नाही. संध्याकाळी पाचपासून शटर पडेपर्यंत त्याच्यावर चार-पाच जण बसतात. एक निवृत्त मास्तर, एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक जण शेती बटईने देऊन मोकळा झालेला. पेपर वाचतात, गोंदियाच्या राजकारणावर बोलतात, आणि कोण आलं, काय घेऊन गेलं ते पाहतात. पाहणं मुद्दाम नसतं, पण बाकड्याचं तोंडच काउंटरकडे आहे. ही माणसं माझ्या दुकानाची शोभा आहेत. ज्याच्या दुकानात चार प्रतिष्ठित माणसं बसतात तो दुकानदारही प्रतिष्ठित, असा आमच्याकडे हिशेब असतो.

आमगावजवळचं पद्मपूर हेच भवभूतीचं पद्मपूर असं आम्ही मानतो. गावातल्या महाविद्यालयालाही त्याचं नाव आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराने उत्तररामचरितात दुःखाला तुडुंब भरलेल्या तळ्याची उपमा दिली आहे: पाणी बाहेर जायला वाट दिली तरच तळं टिकतं, आणि माणसाचं काळीज विलापानेच टिकतं. पंडित यावर अलंकार म्हणून बोलतात. मालगुजारी तलावांच्या या मुलखात ती साधी व्यवहाराची गोष्ट आहे. सांडवा बुजला तर पाळ फुटते, हे इथलं लहान पोर सांगेल. मी आजवर स्वतःला गावाचा सांडवा समजत होतो. लोक मोकळे व्हायला माझ्याकडे येतात, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते कुजबुजत येतात, गोळी घेतात आणि घाईने जातात. बोलत कोणी नाही. बाकड्यासमोर कोण बोलेल?

इथपर्यंत आलो तेव्हा मला एक सोयीचा निष्कर्ष मिळाला होता. दोष गावाचा आहे. छोट्या गावाला डोळे फार, जिभा फार. म्हणून इथे माणूस कामाचा नाही, यंत्रच बरं. त्याचं सोयरं कोणी नाही, त्याला पंगतीत बसायचं नाही. मुलीला फोन करून आता हो म्हणावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. मग अमरावतीचा 'विश्राम' प्रकल्प वाचनात आला आणि घोटाळा झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तिथल्या ३० गावांत हा उपक्रम राबवला गेला. सारी भिस्त मोठ्या डॉक्टरांवर नव्हती. गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि थोडं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक घरोघर गेले, गटागटात बोलले, बसून ऐकलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडे धाडलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आकडे आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के. हेही विदर्भच. इथेही सोयरेधायरे, इथेही पंगती, इथेही जिभा. आणि तरी लोकांनी आपल्या माणसांना दार उघडलं.

म्हणजे गावावर ढकलून मला सुटता येत नाही. 'विश्राम'ची माणसं लोकांच्या ओट्यावर जाऊन बसली. मी काउंटरच्या अलीकडे उभा राहिलो आणि लोकांनी यावं अशी वाट पाहिली. त्या कार्यकर्त्यांच्या हातात विकायला काही नव्हतं.

बाकडं तरी हलवावं, हा विचार मग सुचला. मास्तरांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची पत्नी जाऊन फार दिवस झाले नाहीत. मुलगा हैदराबादला. सकाळी ते कसाबसा दिवस ढकलतात आणि पाच वाजायची वाट पाहतात, हे मला दिसतं. त्यांचं नाव माझ्या वहीत नाही. त्यांच्या झोपेचं औषध ते बाकडं आहे. एकाची आडकाठी ती दुसऱ्याचा आधार, आणि दोन्ही एकाच लाकडावर बसलेली. तोडगा म्हणून मी मागच्या बोळातलं दार उघडलं, ज्याला निवांत काही विचारायचं असेल त्याने तिकडून यावं. आठवडाभरात बाकड्यावर नवा विषय निघाला: मागच्या दाराने आज कोण गेलं? दार पुन्हा लावून घेतलं.

आता स्वतःबद्दल. इतका वेळ दुसऱ्यांच्या झोपेबद्दल बोललो, कारण ते सोपं आहे. माझी स्वतःची झोपही दीड-दोन वर्षांपासून मोडली आहे. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं तेव्हा दुकान बरं चालत होतं. आता ऑनलाइन औषधांच्या सवलतीपुढे आमच्यासारख्यांचं गणित बसत नाही. तिला कर्जाचा आकडा माहीत नाही. वहीत मी स्वतःचं नाव कधी लिहिणार नाही, कारण त्यासाठी इथल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यावी लागेल आणि तो माझ्याच दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवणारा डॉक्टर. दुकानाच्या काचेवर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मी चिकटवला आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, मराठीतही बोलतात. कित्येकांना मी तो आवर्जून दाखवला. स्वतः लावला नाही. पलीकडे माणूस असेल, आणि माणूस म्हटलं की कुठला तरी असेल.

एका रात्री ओसरीत बसून फोनवरच्या एका बोलक्या ॲपशी टाइप करत राहिलो. बंगळुरूत तयार झालेलं 'वायसा' पेंग्विनच्या रूपात लोकांशी बोलतं, तशाच जातीचं एक. अर्धवट हिंदी, अर्धवट इंग्रजीत लिहिलं. घरात आम्ही पोवारी बोलतो, पण पोवारीत रडायला तिथे सोय नव्हती. कर्ज लिहिलं, मुलीशी खोटं बोलतो तेही लिहिलं. त्याने उपदेश केला नाही. आधी चार मोजून श्वास घ्या, चार मोजून सोडा, म्हणालं. तेवढं केलं आणि खरंच झोप लागली. हे मी कबूल करतो, कारण यंत्राविरुद्ध बोलणाऱ्याने आपल्याला त्याचा गुण आला हे लपवू नये. पण कशाने बरं वाटलं ते पाहिलं तर त्यात श्वास थोडा होता, आणि उपकार डोक्यावर न चढल्याचं समाधान पुष्कळ. कोणाचे आभार मानायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी कोणी मायेने "काय, बरं आहे ना?" विचारणार नव्हतं. मी गिऱ्हाइकांना जे देऊ शकलो नाही ते मला मिळालं होतं.

फुकट काही मिळालं असं मात्र समजत नाही. माझं कर्ज आता कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर आहे, आणि तिथे तीन वर्षांनी वही फाडायची सोय आहे की नाही मला ठाऊक नाही. शिवाय कंपनी आज आहे, उद्या नाही. अमेरिकेत लहान मुलांशी बोलणारा 'मॉक्सी' नावाचा यंत्रमानव होता, किंमत ७९९ डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीचे पैसे संपले आणि तिने जाहीर केलं की आता हा बंद पडणार. एकलकोंड्या, बोलायला बिचकणाऱ्या मुलांचा तो मित्र होता. मित्र का जाणार हे पोरांना कसं समजवायचं, यासाठी कंपनीने आईबापांना पत्र लिहून दिलं. माझ्या दुकानाला टाळं लागलं तर निदान मी समोर उभा राहून सांगेन.

हे सगळं मनात घेऊन मी मुलीला पुन्हा फोन केला. सांगितलं की नाही म्हणालो होतो ते मागे घेतो, पण माझी एक अट आहे. तुझ्या यंत्राने काही लक्षात ठेवायचं नाही. माणूस उठला की पाटी कोरी. नाव नाही, गाव नाही, काल काय बोलला ते नाही. मला वाटलं, मी फार मोलाचं काही सांगितलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, एखाद्या बाईचा पोरगा गेला. ती पहिल्या दिवशी सांगेल. दुसऱ्या दिवशी बसली की हा पुन्हा विचारणार, तुम्हाला मुलं किती? रोज पहिल्यापासून सांगायचं का तिनं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मला आठवलं, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला एक म्हातारी येते, कालीमाटीकडची. तिचा नातू सुरतेला आहे, त्याचा फोन आला का हे मी दर वेळी विचारतो आणि ती त्यासाठीच थांबलेली असते. माझं खातं तिला जाचत नाही. मग खातं ठेवणं हाच दोष म्हणता येईना. कोणासाठी ठेवतो, तिच्यासाठी की माझ्या त्या सुखासाठी, हे ओळखायचं तर माझं मलाच नेहमी ओळखता येत नाही. एका डबीत ते कसं घालणार?

आम्ही बराच वेळ त्यावर घासाघीस केली. यंत्राच्या पोटावर एक कळ ठेवावी, दाबली की सगळं पुसलं जावं, कारण न विचारता. जे लक्षात ठेवायचं ते त्याच डबीत राहावं, कुठल्या कंपनीकडे जाऊ नये. तसं करता येतं, ती म्हणाली, पण मग ते बनवणाऱ्याला दर महिन्याचे पैसे मिळत नाहीत. एकदा विकलं की संपलं. कोणती कंपनी हात घालेल? आणि कोणी घातलाच, तर आमगावसारख्या ठिकाणी ते विकणार कोण?

"म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही ठेवाल?"

आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, निघालं, "मार्जिन किती सुटेल?"

ती खळखळून हसली. मी थट्टा केली असं तिला वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.